विचारलं काय, सांगितलं काय

कौतिक नानांना प्रश्न विचारायची खोड जन्मजात. पुढे ते एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि त्या खोडीला पगार सुरू झाला, असं त्यांची बायको सुनंदाबाई म्हणायची. कंडक्टरनं "कुठं जायचं?" एवढं विचारावं आणि तिकीट द्यावं. नाना तिथं थांबायचे नाहीत. म्हातारी एकटीच अमळनेरला का निघाली, भर उन्हात त्या माणसानं कोंबडा शर्टाच्या आत का धरलाय, नवरीच्या मामाचं तोंड का उतरलंय, हे सगळं धरणगाव यायच्या आत त्यांना कळलेलं असायचं. घरी येऊन ते सुनंदाबाईला सांगायचे. ती चुलीपाशी बसून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "तुमले तिकीट देवानं शे का सोयरीक जमाडानी शे?"

निवृत्तीनंतर दोघं जळगावात मेहरूणमध्ये राहायला आले. घर लहान, पण स्वतःचं. मुलगा ललित सुरतेला साड्यांच्या बाजारात नोकरीला होता, मुलगी भूमिका यावलजवळ केळीवाल्यांच्या घरात दिलेली. नाना सकाळी तलावावर फिरून यायचे, येताना चार नव्या ओळखी करून यायचे. सुनंदाबाई त्या ओळखींची उलटतपासणी घ्यायची. असे त्यांचे दिवस चालले होते.

एका सकाळी भाकरी थापता थापता सुनंदाबाईचा उजवा हात परातीतच राहिला. नाना बाहेरून आले, तर ती तव्यावरच्या जळक्या भाकरीकडे बघत बसलेली. "काय व्हयनं?" असं त्यांनी विचारलं. तिनं तोंड उघडलं आणि काहीतरी बोलली, पण ते बोलणं नव्हतं. नुसता आवाज होता, ओल्या मातीसारखा. तिला स्वतःलाही ते ऐकू आलं असावं, कारण ती एकदम गप्प झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून समजावलं. रक्ताची गुठळी अडकली होती. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. जीव वाचला हे नशीब. महिनाभरानं सुनंदाबाई घरी आली. पुढच्या खोलीत, दाराजवळ, तिची खाट टाकली. बोलण्यातले दोन शब्द तेवढे तिच्याकडे उरले होते. "हां" आणि "बस."

त्यानंतर घरात उपायांची रांग लागली. भूमिकानं सातपुड्यातलं कुठलंसं तेल आणलं. ललितनं सुरतेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. शेजारच्या प्रमिलाबाईंनी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला. तो नानांनी ऐकून घेतला, पण केला नाही. बाकी सगळं केलं. एक माणूस पायाला गरम विटा लावून गेला, दुसऱ्यानं मंतरलेला दोरा बांधला. प्रत्येक वेळी कोणीतरी सुनंदाबाईच्या तोंडाजवळ वाकून मोठ्यानं विचारायचं, "करायचं ना मावशी? बरं वाटेल ना?" ती म्हणायची, "हां." मग ते करायचे.

दोन वर्षांत तिचा पाय जरासा हलायला लागला, एवढंच. आणि नानांच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती शेजाऱ्यांच्या आली होती. नाना प्रश्न विचारेनासे झाले होते. तलावावर जायचे, परत यायचे. ओळखीचं कोणी भेटलं, तर "बरं आहे" म्हणून पुढे व्हायचे.

दिपमाला त्यांच्याकडे यायला लागली ती या काळात. व्यायाम करवून घेणारी पोरगी. मूळची पिंपळनेरकडची, ख्रिस्ती घरातली, जळगावात नर्सिंग शिकली, मग घरोघरी जाऊन लकव्याच्या पेशंटची कामं करायला लागली. सुनंदाबाईचा पाय गुडघ्यात वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची, आणि सगळा वेळ तोंडानं काहीतरी गुणगुणायची. सुनंदाबाईला ती "आई" म्हणायची, कौतिक नानांना "नाना".

एका रविवारी तिला उशीर झाला. नाना दारातच उभे होते.

"देवळातून आले नाना. आज प्रार्थना लांबली," ती चप्पल काढता काढता म्हणाली.

"मग आज काय सांगितलं तुमच्या पाळकांनी?" नानांच्या तोंडून निघून गेलं. जुनी सवय, बाकी काही नाही. पण दिपमालाला कोणी असं विचारत नसे, त्यामुळे तिनं खरंच सांगायला घेतलं. सुनंदाबाईचा पाय हातात धरून, वाकवत, सरळ करत.

यरुशलेम गावात एक तळं होतं. त्याच्या काठाला पाच ओसऱ्या होत्या आणि त्या ओसऱ्यांत आंधळे, लंगडे, वाळलेल्या हातापायांचे असे खूप आजारी लोक पडलेले असायचे. लोकांची अशी समजूत होती की मधूनच देवदूत येऊन पाणी हलवतो, आणि पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो. दुसरा नाही, फक्त पहिला. तिथं एक माणूस होता, अडतीस वर्षं आजारी. येशू तिथं आला, त्यानं त्याला पाहिलं आणि विचारलं, "तुला बरं व्हायचंय का?"

"थांब," नाना म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "अडतीस वर्षं जो आजारी, त्याला विचारलं, बरं व्हायचंय का?"

"हो."

"हा काय प्रश्न झाला? त्याला काय हौस होती का पडून राहायची?"

"असंच लिहिलंय नाना."

"मग तो काय म्हणाला?"

"तो म्हणाला, महाराज, पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात उतरवायला माझं माणूस नाही. मी सरकत सरकत जातो, तोवर दुसराच उतरतो."

नाना हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले. "बघ, विचारलं काय अन् सांगितलं काय! हो म्हण, नाही म्हण. अगं, गाडीत रोज असंच व्हायचं. मी विचारायचो, कुठं जायचं? बाई सांगायची, भाऊ, मुलगी बाळंत झाली. अगं बाई, पण उतरायचं कुठं?"

दिपमालाही हसली. मग तिनं गोष्ट पुरी केली. येशू म्हणाला, ऊठ, आपली वाकळ उचल आणि चाल. तो उठला, वाकळ काखेत मारली आणि चालू लागला.

नाना तेवढ्यावर सोडणारे नव्हते. ती वाकळ किती मळली असेल? त्याला जेवायला कोण घालत होतं? जो कोणी आधी उतरून बरा झाला, त्यातल्या एकालाही मागं वळून याला हात द्यावासा वाटला नाही? आणि बरा झाल्यावर तो गेला कुठं? अडतीस वर्षांनी घर राहतं का? दिपमालाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "नाना, मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकते, पण हे कोणी विचारलंच नाही."

खाटेवर सुनंदाबाई ऐकत होती. ती नानांकडे टक लावून बघत होती, हे दिपमालानं पाहिलं. नानांनी नाही.

त्या संध्याकाळी नाना तलावावर गेले ते डोक्यात तो आजारी माणूस घेऊन. तलावाच्या कठड्यावर पोरंटोरं भेळ खात होती, कोणी फोटो काढत होतं. नाना पाण्याकडे बघत बसले. त्या माणसाला प्रश्न कळला नसेल, असं त्यांना आधी वाटलं. नंतर वाटलं, कळला असेल, पण इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नसेल. लोक पैसा टाकून जात असतील, हळहळत असतील, पण तुला काय पाहिजे, हे कोण विचारणार? त्यामुळे विचारल्यावर त्याला उत्तर सुचलं नाही. जी तक्रार तो रोज मनात घोळवायचा, तीच तोंडातून आली.

पुढच्या वेळी दिपमाला आली तेव्हा नानांचा नवा प्रश्न तयार होता. "बेटा, त्या ओसऱ्यांत एवढे लोक होते म्हणतेस. बरा झाला एक. बाकीच्यांचं काय?"

दिपमालाचा हात थांबला. हा प्रश्न गमतीचा नव्हता, हे नानांना तिच्या तोंडावरून कळलं.

"माहीत नाही, नाना," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पाय पुन्हा वाकवायला घेतला. "माझी आई कॅन्सरनं गेली. वडील तिच्या उशाशी बसून रोज प्रार्थना करायचे. आख्खं गाव करायचं. मीही करायचे. ती गेली. त्यानंतर मी वडिलांना हेच विचारलं होतं, की त्या ओसरीत आपण होतो, तर आपल्याकडे कोणी का आलं नाही?"

"मग ते काय म्हणाले?"

"उठून बैलांना पाणी पाजायला गेले."

नानांना विचारायचं म्हटलं तर खूप होतं, पण त्यांनी विचारलं नाही. आत जाऊन तिच्यासाठी चहा ठेवला. चहा पिताना दिपमाला आपणहून म्हणाली, "तरी मी रविवारी जाते. का जाते, ते मला नीट सांगता येणार नाही."

"नको सांगू," नाना म्हणाले.

पुढच्या आठवड्यात भूमिका आली ती ठरवूनच. चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, त्या पाण्यात आईला बसवायचं. तिच्या सासरच्या कोणाचे गुडघे तिथल्या पाण्यानं मोकळे झाले होते. ललितलाही तिनं बोलावून घेतलं होतं. तोही आला, कारण त्याला वेगळंच बोलायचं होतं. सुरतेत त्यानं दोन खोल्यांचं घर पाहिलं होतं. आईला तिकडे न्यायचं, मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, नानांनीही तिकडेच राहायचं.

"आईला विचारलं," ललित म्हणाला. "ती हां म्हणाली."

"मीपण विचारलं उनपदेवचं. हां म्हणाली," भूमिका म्हणाली.

नाना दोघांकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी वळवळलं, पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि सगळे सुनंदाबाईला उचलायच्या गडबडीत लागले. दिपमालाही सोबत निघाली.

रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा होत्या. काही ठिकाणी घड उतरवून ट्रॅक्टरवर रचत होते. सुनंदाबाई खिडकीतून सगळं बघत होती. दोन वर्षांत ती दवाखान्याशिवाय कुठं गेली नव्हती. एका शेतात बायका झाडाखाली डबे सोडून बसलेल्या दिसल्या, तर तिनं मान वळवून वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

उनपदेवला सुट्टीचा दिवस असल्यानं गर्दी होती. कोणी अंगावरच्या चट्ट्यांसाठी आलेलं, कोणी सहज. ओल्या दगडांवरून वाफेचा वास येत होता. ललितनं प्लास्टिकची खुर्ची उतरवली, सुनंदाबाईला तिच्यात बसवलं आणि ते तिला पाण्यापर्यंत घेऊन गेले. भूमिकानं पदर खोचला. दोन अनोळखी बायकाही मदतीला आल्या. "धरा, धरा. एकदम उतरवा म्हणजे घाबरणार नाही," असं कोणीतरी म्हणालं.

नानांनी पाण्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या काठाला बसलेल्या माणसांकडे. एक म्हातारा पाय चोळत होता, एक बाई आपल्या मुलाच्या अंगावर ओंजळीनं पाणी घालत होती. आणि मध्ये, खुर्चीत, चार जणांच्या हातांमध्ये, त्यांची बायको.

"थांबा," नाना म्हणाले.

"काय झालं, नाना?" भूमिकानं विचारलं.

नाना ओल्या फरशीवर सुनंदाबाईसमोर उकिडवे बसले. गुडघे दुखले, पण बसले. "सांग," ते हळू म्हणाले. "तुले पाण्यात उतरनं शे का?"

"हां" येईल म्हणून सगळे थांबले होते. भूमिकाचे हात खुर्चीवरच होते. सुनंदाबाईनं नानांकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. नेहमी इथंच कोणीतरी तिच्या ऐवजी बोलायचं. या वेळी नाना गप्प बसून राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "व्हा ना बाजूला, लाईन आहे." तरी ते बसून राहिले.

"नई," सुनंदाबाई म्हणाली.

दोन वर्षांत हा शब्द कोणी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. भूमिकाचा चेहरा पडला. "नाना, एवढ्या लांब आलो! गाडी केली. तुम्ही असं विचारलंत तर ती घाबरून नाही म्हणणारच ना. आजाऱ्याला विचारून औषध देतात का कोणी?"

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. नानांना तेही कळत होतं. ती पोरगी दर महिन्याला यावलहून धडपडत येत होती, आईचे कपडे धूत होती, रडतही होती, कोणाला न दाखवता. ते म्हणाले, "रागावू नको, बेटा. आपलं चुकलं असं मी म्हणत नाही. पण तिला आपण विचारतो अन् उत्तरही आपणच देतो." मग पुन्हा बायकोकडे वळले. "मग काय करूत? तू सांग."

बराच वेळ गेला. सुनंदाबाईनं डावा हात उचलून खाली दाखवलं. "पाय," ती म्हणाली.

वाहून जाणाऱ्या कोमट पाण्याच्या कडेला त्यांनी तिची खुर्ची ठेवली. भूमिकानंच तिची पावलं पाण्यात सोडली. सुनंदाबाईनं डोळे मिटले. चांगल्या पायाची बोटं तिनं पाण्यात हलवली, जशी लहान पोर हलवते. भूमिका थोडा वेळ उभी होती, मग तिनंही चप्पल काढली आणि आईशेजारी दगडावर बसून पाय पाण्यात टाकले.

परत येताना गाडीत नानांनी विचारायला सुरुवात केली. आता ते एकेक प्रश्न विचारत होते आणि प्रत्येकानंतर थांबत होते. ललितला ते थांबणं सहन होईना. तो सारखा मध्ये बोलायला जायचा आणि दिपमाला त्याच्या बाहीला हळूच हात लावायची. सुरतेला जायचं का? बराच वेळ काही नाही, मग "नई." ललित खिडकीकडे बघायला लागला. इथंच राहायचं? "हां." पण हा "हां" वेगळा होता, मानेसकट होता.

"तुले काय जोयजे?" काय हवंय तुला, असं नानांनी शेवटी विचारलं.

सुनंदाबाईनं आपल्या लुळ्या पायावर हात ठेवला आणि तो बाजूला सारल्यासारखा केला. असू दे, असं. मग तोच हात तिनं ओठांवर नेला. ओठांवरून पुढे नेला. पुन्हा ओठांवर, पुन्हा पुढे. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती हात थांबवेना.

दिपमालाला सगळ्यात आधी कळलं. "आईंना बोलायचंय," ती म्हणाली. "नाना, आपण सगळे पायाच्या मागं लागलो होतो."

डॉक्टरांनी सुरुवातीला वाचेच्या व्यायामाचं सांगितलं होतं, हे नानांना आठवलं. पण तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, आधी चालू दे, बोलणं काय, नंतर बघू. नाना पूर्ण रस्ताभर त्यावर विचार करत राहिले. जिच्याशी ते आयुष्यभर बोलले, तिचं बोलणं त्यांनी नंतरवर टाकलं होतं.

पुढे फार मोठं काही घडलं नाही. जळगावात वाचा शिकवणारी एक बाई होती, तिच्याकडे जायला लागले. तिनं सांगितलं, सगळं परत येणार नाही, आणि जे येईल ते हळू येईल. तिनं नानांना एक काम दिलं. बायको बोलायला लागली की मध्ये बोलायचं नाही, शब्द पुरवायचा नाही. नानांना हे पाय वाकवण्यापेक्षा अवघड गेलं. शब्द त्यांच्या जिभेवर येऊन उभा राहायचा आणि ते दात आवळून बसायचे. कधी सुनंदाबाई चिडायची, भांडं ढकलून द्यायची आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. असेही दिवस गेले. काही आठवड्यांनी "ललित" आलं, मग "पाणी," मग "चहा," मग एक शिवी, जी ऐकून नाना इतके हसले की प्रमिलाबाई धावत आल्या. खाट पुढच्या खोलीतून हलवून स्वयंपाकघराच्या दाराशी टाकली, हीही तिचीच मागणी.

ललित सुरतेला परत गेला. रागावला नव्हता, पण दुखावला होता. आता तो रविवारी फोन करतो तेव्हा प्रश्न विचारून गप्प बसतो, आणि फोनच्या दोन्ही टोकांना नुसता श्वास ऐकू येत राहतो, एखादा शब्द येईपर्यंत.

बाकीच्यांचं काय, हा नानांचा प्रश्न तसाच राहिला. दिपमालाच्या वडिलांना ते फोनवर एकदा हेच विचारणार होते, पण ऐन वेळी त्यांनी कपाशीचं आणि पावसाचं विचारलं. दिपमालाला ते म्हणाले, "तो माणूस तरी नशीबवान. त्याला विचारणारा भेटला." ती म्हणाली, "नाना, तो बरा झाला ते नंतर. आधी विचारलं, हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं."

एका दुपारी दिपमाला दोन घरं उरकून उन्हातून आली. चेहरा सुकलेला. नेहमीसारखी खाली बसली, सुनंदाबाईचा पाय हातात घेतला. सुनंदाबाईनं पाय मागं ओढला. तिनं दिपमालाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ओठ जुळवायला सुरुवात केली. नाना दारात थांबले. त्यांना शब्द दिसत होता, पण त्यांनी तो दिला नाही.

"जेव... जेवनी?" सुनंदाबाई म्हणाली.

दिपमाला जेवली नव्हती. तिनं तसं सांगितलं. नानांनी भाकरी आणि भरताचं वाडगं खाली ठेवलं, वर शेव घातली. सुनंदाबाई खाटेवरून बघत राहिली, आणि दिपमालानं पहिला घास मोडला तेव्हा डाव्या हातानं खूण केली, अजून शेव घाल म्हणून.